हातचं न राखता

सिग्नल हिरवा झाला, माणसं सुटली, आणि गोटी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी आपली पुढे चाललेच होते. हातातला हात मागे ओढला गेला म्हणून वळले, तर ही पट्ट्यांवर पाय रोवून उभी. "आई, ती मुद्दाम पडली," गोटी म्हणाली. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. मी तिला दंडाला धरून फुटपाथवर खेचलं आणि सवयीनं ओरडले, की हे रस्त्यात सांगायचं असतं का. पण माझ्या ओरडण्यात दम नव्हता. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी, कुस्तीच्या त्या क्लबात माझ्या अकरा वर्षांच्या पोरीनं स्वतःपेक्षा वीतभर उंच मुलीला लोळवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तिथल्या सरांनी तिची पाठ थोपटली होती, आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. चालता चालता मनातल्या मनात माझी ती हकीकत चार जणांना सांगूनही झाली होती, दर वेळी समोरची मुलगी थोडी आणखी उंच करून. "तुला कसं कळलं?" मी विचारलं. गोटी म्हणाली, "माझा हात तिच्या पायाला लागायच्या आधीच तिचा गुडघा वाकला." मग अगदी शांतपणे म्हणाली, की त्या क्लबात आपण जाणार नाही, आणि सगळीकडे असंच असणार असेल तर कुस्तीच नको. शेजारी एक बाई भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत आमच्याकडे बघत होती. मला तिचा उगीचच राग आला.

गोटीचं खरं नाव शाळेत आहे, तिथंच असू दे. जन्मली तेव्हा गोल होती आणि टणक होती, नर्सनं हातात घेतल्या घेतल्या "केवढी जड गोटी" म्हटलं आणि तेच चिकटलं. कुस्तीचं खूळ तिच्या डोक्यात कुणी भरवलं नाही, ते आतूनच आलं. शाळेत खेळाच्या तासाला तिनं एकीला कवेत धरलं ते सोडेचना, तेव्हा खेळाच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, की हिला एखाद्या कुस्तीच्या क्लबात घाला, नाहीतर ही शाळेतली बाकं उचलून पाडेल. घरी आल्यावर मी तिला नीट समोर बसवून विचारलं, की तुला त्यात आवडतं तरी काय. ती म्हणाली, की समोरचा माणूस आपल्याला ढकलतो ना, तेव्हा आपण आहोत असं कळतं. मी क्लब शोधायला लागले. नवऱ्यानं मात्र कपाळाला हात लावला. तो इस्पितळात एक्स-रे काढतो. त्याच्या लेखी जगात दोनच जातींची हाडं, मोडलेली आणि अजून मोडायची राहिलेली. संध्याकाळी घरी आला की बूट काढता काढता सांगतो, आज तीन मनगटं, एक घोटा, आणि एक गृहस्थ शिडीवरून. एवढं बघून आलेला माणूस पोरीला कुस्तीला घाल म्हणून कशाला सांगेल.

क्लब मी निवडला, आणि कसा निवडला ते सांगायची आता लाज वाटते. मी सोफे मढवते. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली तपासायची टेबलं, केस कापायच्या दुकानातल्या फिरत्या खुर्च्या, थोडक्यात माणूस जिथं जिथं बूड टेकतो ते सगळं फाडून, आतलं कुजकं काढून, नवं घालून, नवं कापड चढवून देते. तेव्हा क्लब बघायला गेले आणि सरांनी भिंतीवरची पदकं दाखवायला हात वर केला, तोवर मी खाली वाकून मॅट दाबत होते. अंगठा रुतवायचा, सोडायचा, आणि फोम किती लगबगीनं वर येतो ते बघायचं. त्यांचा फोम असा उसळून वर आला, की मला वाटलं, वा, याला म्हणतात माल. शिवण बघितली, दुहेरी. मॅटची खालची बाजू दाखवाल का म्हणून विचारलं, तेव्हा सरांनी माझ्याकडे असं बघितलं की ही बाई मुलीला घालायला आलीय की मॅट विकत घ्यायला. मी त्यांचं शिकवणं बघितलं नाही, मुलांची तोंडं बघितली नाहीत. गाद्या बघितल्या आणि हेच स्थळ पक्कं म्हणून घरी आले. ज्याला हातोडी येते त्याला सगळीकडे खिळे दिसतात म्हणतात, तसं मला सगळीकडे फोम दिसतो.

त्या रात्री जेवताना गोटी गप्प होती आणि नवरा तिच्याहून गप्प होता. गोटीचं गप्प राहणं मला समजत होतं, त्याचं समजेना. मी नुसतं त्याच्या ताटाकडे बघत बसले. हा माणूस खोटं बोलू शकत नाही, खोटं बोलायच्या आधीच त्याचे कान लाल होतात. कान लाल झाले. मग म्हणाला, की त्यानं त्या सरांना फोन केला होता, फक्त एवढंच सांगायला की पोरगी नवखी आहे, जरा सांभाळून घ्या. फक्त एवढंच. मी चमचा खाली ठेवला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तू तुझी हाडं इस्पितळात ठेवून येत जा, घरी आणू नकोस, असंही म्हणाले. बोलता बोलता मला त्या उंच मुलीचा तो आधीच वाकलेला गुडघा आठवला, बिचारी किती मनापासून पडली होती, आणि मला हसू फुटलं. नवराही हसला. गोटी हसली नाही. तिनं ताट उचललं आणि आमच्याकडे पाठ करून बसली. त्या छोट्याशा पाठीकडे बघून आमचं हसू जागच्या जागी विरलं. आम्ही दोघंही तिच्या बाजूचे होतो, आणि नेमकी त्याचीच ती शिक्षा भोगत होती. नवऱ्यानं त्या पाठीला वचन दिलं, की परत कुणालाही फोन करणार नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका जुन्या आरामखुर्चीचे बैठकीखालचे पट्टे ताणत होते. पट्टा एका बाजूला ठोकायचा, दुसरं टोक पकडीत धरायचं आणि अंगाचं सगळं वजन मागे टाकून ओढायचं, तो ढोलकीसारखा वाजायला लागेपर्यंत. हे काम करताना माझं डोकं मोकळं असतं आणि त्यात कुणीही येऊन बसतं. त्या दिवशी अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. घड्याळं दुरुस्त करायचे. बोटं लांब, हडकुळी, मनगट तर इतकं बारीक की दुकानातलं कुठलंही घड्याळ त्यांना सैल व्हायचं. जेवण झालं की ते टेबलावर कोपर टेकवायचे आणि म्हणायचे, ये, पंजा लढव. मी दोन्ही हातांनी, पायांनी, दातओठ खाऊन जोर लावायची, आणि अण्णा असे कण्हायचे, असे डोळे फिरवायचे, की शेवटी त्यांचा हात धप्पकन टेबलावर. रोज. मी घरात सर्वांत बलवान आहे अशी माझी कितीतरी वर्षं खात्री होती. मग शाळेत एका किरकोळ मुलीनं माझा पंजा असा पाडला, जसं कुणी येता जाता दार लोटतं. घरी येऊन मी अण्णांना विचारलं. ते नुसते हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यानंतर आम्ही पंजा लढवला नाही. मला त्यांचा राग नव्हता आला. आजही नाही. त्यांच्याइतकं माझं कौतुक कुणी केलं नाही. फक्त एक गोष्ट सलत राहिली, आणि ते गेले तेव्हापासून ती विचारायलाही कुणी उरलं नाही. इतक्या सगळ्या वेळांत एकदा तरी मी खरंच जिंकले होते का? शेवटी शेवटी माझ्या हातात ताकद आली होती, मला आठवतं. त्यांचं ते कण्हणं एखाद्या संध्याकाळी खरं असेलही. पण त्यांनी सगळं इतकं सारखं करून ठेवलं, की माझं एखादं खरं त्यात असलं तरी आता ते वेगळं काढता येणार नाही. पट्टा केव्हाच पुरेसा ताणला गेला होता आणि मी ओढतच होते. लाकूड करकरलं तेव्हा भानावर आले. मग ठरवलं, की ह्या पोरीसाठी असा क्लब शोधायचा, जिथं कुणी हातचं राखून खेळणार नाही. नाही सापडला तर ती कुस्ती सोडेल, आणि सोडली तर माझ्यासारखीच आयुष्यभर विचार करत बसेल.

दुसरा क्लब बोलका निघाला. तिथले गुरुजी आहारावर बोलले, शिस्तीवर बोलले, चारित्र्य म्हणजे काय त्यावर बोलले, मुलं रांगेत उभी राहून ऐकत होती आणि एक जण उभ्या उभ्या पेंगत होता. आम्ही होतो तेवढ्या वेळात तिथं कुणी कुणाच्या अंगाला हातसुद्धा लावला नाही. नवऱ्याला तो क्लब फार आवडला. बाहेर पडताना म्हणाला, किती सुरक्षित वातावरण आहे. गोटीनं जांभई दिली, आणि त्या जांभईतच त्या क्लबाचा निकाल लागला. पण जिना उतरताना तिनं माझ्या बाहीला धरून विचारलं, की आणखी किती बघायचे, आणि मला तिच्या आवाजात पहिल्यांदा थकवा ऐकू आला. मी म्हटलं, आणखी एक. त्याच्यापुढचं मलाही ठाऊक नव्हतं.

तिसरा क्लब बंद पडलेल्या छापखान्यात होता. जिना लोखंडी, भिंतींवर शाईचे जुने डाग, आणि मॅट... मी बघितली आणि माझे हात शिवशिवले. ठिगळाला ठिगळ, एके ठिकाणी तर चक्क बुटाच्या नाडीनं शिवलेली. अंगठा रुतवला तो खालच्या फरशीला भेटून आला. मी काही बोलणार तेवढ्यात गोटीकडे लक्ष गेलं. ती मॅटकडे बघतच नव्हती. मॅटवर दोन मुली एकमेकींना अशा भिडल्या होत्या की कुणाचा हात कुठला ते कळत नव्हतं, आणि त्यातली जी खाली होती ती तोंड लालबुंद करून खालूनच हसत होती. गोटी चवड्यांवर उभी राहिली होती. हा क्लब चालवणारी बाई सकाळी शाळेची बस चालवते, म्हणून सगळे तिला बसवाली म्हणतात आणि ती ओ देते. अंगानं आडवी, आवाज मात्र मऊ. मी तिला रीतसर विचारलं, की मुलीची चाचणी कधी घेणार. ती म्हणाली, "मुलांची चाचणी आम्ही घेत नाही. मुलं सगळीच चांगली असतात. आम्ही पालकांची घेतो." मला वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा नव्हती, तिथली रीतच तशी होती. आई किंवा बाप, किंवा जो कोणी मुलाला घेऊन आला असेल त्यानं मॅटवर गुडघे टेकून बसायचं. मुलानं उभं राहून त्याला पाडायचं, पाठ मॅटला लावायची. मोठ्या माणसाला नियम एकच, आपणहून पडायचं नाही. आपणहून पडला, तर मुलाला इथं प्रवेश नाही, पुढच्या हंगामात परत या. आमच्या आधी एक काका पुतणीला घेऊन आले होते. पुतणी धावून आली आणि काका "अरे बापरे, मेलो" म्हणत झाडासारखे कोसळले. पुतणीनं दोन्ही हात वर केले. बसवाली काकांपाशी गेली आणि हळूच काहीतरी म्हणाली. काका तावातावानं सांगायला लागले, की ते खरंच पडले, त्यांच्या गुडघ्यात आधीपासूनच गडबड आहे. पुतणीचे हात अजून वर होते. ती काकांकडे बघत होती, बसवालीकडे बघत होती, आणि मग ते हात एकेक करून खाली आले. मला ते बघवेना. माझ्या शेजारी नवरा बूट काढायला लागला होता. त्याच्या कानांकडे बघितलं. लाल. गोटीनंही ते बघितलं असणार. ती बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, तू नको. आई."

तेव्हा मी गुडघे टेकले, आणि सगळ्यांत आधी माझे गुडघे बोलले, कटकन. कुणीतरी खुदकन हसलं. समोर गोटी. हे तोंड मी रोज धुतलंय, पुसलंय, तापात रात्रभर बघत बसलेय, पण असं कधी बघितलं नव्हतं. ती माझ्याकडे आई म्हणून बघतच नव्हती. माझे खांदे कुठं आहेत, वजन कुठल्या गुडघ्यावर आहे, ते बघत होती. बसवालीनं टाळी वाजवली आणि गोटी माझ्या मानेवर आली. केवढी जड! मानेला मिठी मारून ती मला डावीकडे ओढत होती, आणि माझ्या अंगाला वर्षानुवर्षांची सवय, की ही ओढेल तिकडे जायचं. तिनं बाजारात ओढलं की गेले, पाळण्याकडे ओढलं की गेले, पाण्याच्या लाटेकडे ओढलं तर चपलांसकट गेले. ती चालायला शिकली तेव्हा मी तिच्यापुढे अशीच गुडघ्यांवर बसायचे, हात पसरून, आणि ती येऊन आदळली की मुद्दाम मागे पडायचे, म्हणजे तिला वाटावं, केवढा आपला जोर. माझ्या अंगातलं हाड न् हाड पडायला उत्सुक होतं. पड, पड, बरं वाटेल तिला. कानाशी तिचा श्वास, गरम, फुसफुसणारा, आणि त्यात मध्येच एक बारीक आवाज, जो ती रडायच्या आधी काढते. तो आवाज ऐकून मी आजवर काय काय सोडून धावले असेन. डावा हात मॅटला टेकला. पाठ कलली. वर छापखान्याचं छत दिसलं, आणि वाटलं, झालं, एवढंसंच तर राहिलंय, आता थोडं सैल सोडलं की झालं. आणि नेमकं तेव्हाच मला जाणवलं, की ती मला खरोखरच ओढतेय. मी सैल सोडलेलं नाहीये आणि तरीही कलतेय. ही ताकद तिची आहे, हिच्या एवढ्याशा दंडातली, माझ्यापासून वेगळी, तिची स्वतःची! मला इतका आनंद झाला, इतका, की त्या आनंदानंच माझ्या अंगात वारं शिरलं. मी तिच्या कमरेला हात घातला, पट्टा ताणताना टाकते तसं सगळं वजन मागे टाकलं, आणि फिरवली. ती माझ्यावरून पलीकडे गेली. मी तिच्या मागोमाग. तिनं पाय झाडले, पोटात गुडघा मारला, हनुवटी माझ्या खांद्यात रुतवली, डोकं आणि टाचा टेकून पुलासारखी पाठ उचलली, एकदा, पुन्हा, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, आता सुटली. नाही सोडली. तिचे दोन्ही खांदे मॅटला लागले. बसवालीनं टाळी वाजवली.

मग माझी पाचावर धारण बसली. अगं बाई, हे काय केलं मी. चारचौघांत, पहिल्याच दिवशी, पोटच्या पोरीला चारी मुंड्या चीत. नवरा बाकावरून अर्धा उठला होता, त्याच्या डोळ्यांत गोटीच्या सगळ्या हाडांची यादी. गोटी पडूनच होती. केस तोंडावर, छाती वरखाली. मी तिच्या तोंडावरचे केस बाजूला केले. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, आळीपाळीनं दोन्ही डोळ्यांत, कुठं काही लपवलंय का ते शोधत. "सगळा जोर लावलास?" तिनं विचारलं. खोटं बोलायची सोय नव्हती, आणि गरजही नव्हती. "लागेल तेवढाच लावणार होते," मी म्हटलं, "पण सगळाच लागला गं."

गोटीच्या तोंडावर आधी काहीच दिसलं नाही. मग ते तोंड पसरत गेलं, कानापासून कानापर्यंत, आणि ती हसायला लागली. आडवी पडून, पोट धरून, मॅटवर टाचा आपटत हसत होती. मलाही हसू आवरेना. आम्ही दोघी त्या ठिगळांच्या मॅटवर वेड्यासारख्या हसत होतो, आणि माझं अंग असं दुखत होतं की हसताना कळा येत होत्या. बसवालीनं नवऱ्याला सांगितलं, की सोमवारपासून पाठवा, आणि तुम्ही आणायला आलात तर त्या तिकडच्या बाकावर बसा, लांबच्या. नवरा बरं म्हणाला. नंतर हळूच माझ्याजवळ येऊन माझं मनगट दाबून बघितलं, मग कोपर, मग खांदा. गोटीचं नाही, माझं.

घरी जाताना पोरीच्या तोंडाला खळ नव्हता. कोपऱ्यावरच्या फळवाल्यानं सहज विचारलं, काय, आज स्वारी खुशीत, तर त्याला छाती काढून सांगितलं, "आईनं मला पाडलं." इमारतीच्या रखवालदाराला सांगितलं. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या, त्यांना सांगितलं, आणि त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की आमचा मजला आला तेव्हा मला हायसं वाटलं. घरात शिरल्या शिरल्या तिनं माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. मी सोफ्यावर आडवी पडून ऐकत होते. "मावशी, आईनं मला पाडलं. खरं खरं पाडलं." पलीकडून बहिणीचा घाबरा आवाज आला, की काय झालं, भांडलात का दोघी, आई कुठाय, दे तिला फोन. गोटीनं फोन दिला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि शाळेत पहिला नंबर आल्यावरसुद्धा जो कधी ऐकला नव्हता अशा अभिमानाच्या आवाजात मावशीला म्हणाली, "तुला सांगून नाही कळायचं. तू ये एकदा. तुलाही पाडेल ती."